48 मतांचा खासदार आणि 272 चा आकडा: सभागृह ताब्यात असणं म्हणजे नक्की काय?

मास्तरीण_जोगेश्वरी | 9 जून 2024, रात्री 10:40

आत्ताच शपथविधी बघून उठले. पाच दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढते.

मी शिक्षिका. इलेक्शन ड्यूटी मुलुंडला लागली, मतदान अधिकारी क्रमांक 2. घर जोगेश्वरी पूर्वेला, म्हणजे मत वायव्य मुंबईचं. 20 मेला मी मुलुंडच्या बूथवर लोकांच्या बोटांना शाई लावत होते, त्यामुळे माझं मत त्याआधीच टपाली गेलं होतं. ट्रेनिंगच्या ठिकाणी सुविधा केंद्र असतं, तिथेच करायचं. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मतपत्रिकेवर खूण करायची, घडी घालून 13-बी च्या छोट्या पाकिटात ठेवायची, पाकिटावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक टाकायचा. 13-ए हे वेगळं प्रतिज्ञापत्र, त्यावर राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही आणि त्यांचं साक्षांकन. मग ही दोन्ही 13-सी च्या मोठ्या पाकिटात. टेबलावर डिंकाची एकच बाटली होती आणि मागे वीसेक जण उभे. पाकीट नीट चिकटलंय की नाही या धास्तीने मी अंगठ्याने तीनदा दाबलं. बोटाला लागलेला डिंक ट्रेनमध्ये अंधेरीपर्यंत खरवडत होते.

4 जूनला, निकालाच्या दिवशी, काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मशीनवरच्या मतांत ठाकरेंच्या शिवसेनेचे अमोल कीर्तिकर शिंदेंच्या शिवसेनेच्या रवींद्र वायकरांपेक्षा एका मताने पुढे होते. एका. टपाली मतं मिळवल्यावर वायकर 48 मतांनी निवडून आले. टपालीतली 111 मतं बाद झाली. माझं मत त्या 111 मध्ये होतं का? मला कधीच कळणार नाही, आणि कळू नये हेही बरोबरच आहे.

कोण यायला हवं होतं यावर इथे कृपया वाद नको. माझा प्रश्न पुढचा आहे. दिल्लीत भाजपला 240, म्हणजे बहुमताच्या 272 ला 32 कमी. रालोआ, म्हणजे भाजप आणि मित्रपक्ष, 293, इंडिया आघाडी 234. सरकार तर बसलं. पण आमच्याकडे एकेका पाकिटाचा हिशोब लागला, तसा आता या खासदाराच्या मताचा दिल्लीत लागणार आहे का? "सभागृह यांच्या ताब्यात" असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय ताब्यात असतं?

---

भांडुपकर | 9 जून, 11:15

ताई, मनापासून लिहिलंय. आमच्या बूथवर दीड तास रांग होती, मंडप अर्धाच, वयस्कर माणसं उन्हात. दोन जण माझ्या डोळ्यांदेखत परत गेले. 48 चा आकडा ऐकल्यावर पहिले तेच दोघं आठवले. (ते ईशान्य मुंबईतले, त्यामुळे तुमच्या निकालात त्यांचा काही संबंध नाही, पण तरी आठवले.)

---

सीएसटी_फास्ट | 9 जून, 11:52

आकडे मांडून बघूया.

रालोआ 293. त्यात तेलुगू देसम 16, जदयू 12, शिंदेंची शिवसेना 7, चिराग पासवान 5, बाकी किरकोळ.

तेलुगू देसमचे नायडू एकटे गेले तर 277. सरकार राहतं. जदयूचे नितीशकुमार एकटे गेले तर 281. राहतं. दोघं मिळून गेले तर 265, आणि सरकार पडू शकतं. म्हणजे रोज टीव्हीवर चाललंय तसं "एकाच्या हातात चावी" असं गणित नाहीये. दोघांनी एकाच दिवशी, एकाच दिशेने उठायला हवं.

आणि वायव्य मुंबईची जागा पलीकडे गेली असती तरी 292-235. म्हणून ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आजच्या घडीला: त्या एका मताने सरकारला काहीही फरक पडत नाही. कटू आहे, पण आकडे असे आहेत.

---

नाना_गिरगाव | 10 जून, सकाळी 7:05

फरक पडत नाही असं एवढ्या ठामपणे म्हणू नकोस बाळा. 17 एप्रिल 1999 ची गोष्ट सांगतो.

वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव. जयललितांनी पाठिंबा काढला होता, अण्णाद्रमुकचे 18 खासदार गेलेले. आमच्या चाळीत तेव्हा चार घरांत टीव्ही, आणि माझ्या खोलीत त्या दिवशी दाराबाहेरपर्यंत माणसं. आम्ही सगळे धरून चाललो होतो की सरकार वाचणार. मायावती तटस्थ राहतील अशी बोलवा होती, त्यांनी विरोधात मत दिलं. नॅशनल कॉन्फरन्सचे सैफुद्दीन सोझ पक्षादेश मोडून विरोधात गेले. आणि गिरिधर गमांग. हे फेब्रुवारीत ओडिशाचे मुख्यमंत्री झालेले, पण खासदारकी सोडली नव्हती. मुख्यमंत्री दिल्लीत येऊन मत देऊ शकतो का, यावर सभागृहात गदारोळ. अध्यक्ष बालयोगी यांनी तो निर्णय गमांगांच्या सद्सद्विवेकावर सोडला. त्यांनी मत दिलं.

269 विरुद्ध 270.

फलकावर आकडा आला तेव्हा खोलीत कोणी बोललं नाही. शेजारचे जोशी काका नुसते "एक?" म्हणाले. बस. एका मताने देशाचं सरकार गेलं आणि पुन्हा निवडणुका लागल्या. आता सांग, त्या 269 आणि 270 मधल्या एकेका मतदारसंघाचं वजन किती होतं?

---

सीएसटी_फास्ट | 10 जून, 8:20

नाना, मान्य. पण 1999 ला सभागृहच काठावर होतं. आज 21 चं अंतर आहे.

---

नाना_गिरगाव | 10 जून, 8:41

काठ कधी येईल हे कोणाला आधी कळतं? 1979 बघ. जनता पक्ष दोन वर्षांपूर्वी लाटेवर आलेला. आपल्या यशवंतराव चव्हाणांनी जुलैमध्ये अविश्वास ठराव मांडला आणि मतदान व्हायच्या आतच मोरारजींनी राजीनामा दिला, कारण पक्षातूनच माणसं निघत होती. मग चरणसिंग आले, यशवंतराव त्यांचे उपपंतप्रधान. ते सरकार तर लोकसभेला सामोरं न जाताच गेलं, ऑगस्टमध्ये राजीनामा. निवडणुकीने दिलेलं बहुमत सभागृहात टिकवावं लागतं, रोज.

आणि उलटही. 1991 ला नरसिंह रावांकडे बहुमत नव्हतं, तरी पाच वर्षं काढली.

---

वकील_फोर्ट | 10 जून, दुपारी 1:30

कोर्टाच्या जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, घाईत आहे.

नानांनी रावांचं नाव काढलं, पण ते सरकार कसं टिकलं तेही सांगायला हवं. जुलै 1993 चा अविश्वास ठराव 251 विरुद्ध 265 ने फेटाळला गेला. मग झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी मतासाठी पैसे घेतल्याचा खटला उभा राहिला. 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, ज्यांनी पैसे घेऊन सभागृहात मत दिलं, त्यांना संसदीय विशेषाधिकाराचं संरक्षण आहे. तो निकाल तब्बल पंचवीस वर्षं उभा होता. या वर्षी 4 मार्चला सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो रद्द केला. म्हणजे आत्ता जी लोकसभा बसतेय, ती मतासाठी लाच घेतल्यास संरक्षण नाही हे माहीत असलेली पहिली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं आणि यावर पुरेशी चर्चा झाली नाही.

मास्तरीणबाई, 111 बद्दल: विजयाचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर निकाल जाहीर करण्यापूर्वी बाद मतपत्रिका पुन्हा तपासायच्या, असा आयोगाचा नियमच आहे. 48 हे 111 पेक्षा कमी. प्रकरण न्यायालयात जाईल असं दिसतंय, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही.

तुमच्या मूळ प्रश्नावर. तीन वेगळ्या गोष्टी आपण एकत्र करतो.

सरकार टिकवायला हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत लागतं. 272 ही पूर्ण सभागृहाची निम्म्याहून अधिक संख्या झाली, पण दिवसागणिक विधेयकं हजर सदस्यांच्या बहुमतावर होतात. गणपूर्ती, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, एक दशांश, म्हणजे 55. सभागृहात 300 जण बसले असतील तर 151 पुरतात.

घटनादुरुस्तीला मात्र हजर आणि मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश, शिवाय एकूण सदस्यसंख्येचं बहुमत. सगळे 543 हजर असतील तर 362. ते आज कोणाकडेच नाही.

आणि तिसरी गोष्ट अध्यक्षपद. ते संध्याकाळी लिहितो.

---

परळची_माई | 10 जून, 4:10

वाचतेय. आमच्या दक्षिण मध्यला अनिल देसाई आले. मी लहान असताना गिरणीतले लोक खासदाराला पत्र लिहायचे, आणि पोस्टकार्डावर उत्तर यायचं. आता कोणी लिहितं का?

---

वकील_फोर्ट | 10 जून, रात्री 9:50

अध्यक्षपद. महाराष्ट्रातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. 2022 नंतर आपण दोन वर्षं तेच बघितलं. शिवसेना फुटली, आमदार अपात्र की नाही हे कोण ठरवणार? घटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याने, अध्यक्ष. सर्वोच्च न्यायालयाने 11 मे 2023 ला निकाल दिला, पण अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडेच पाठवला. तो आला 10 जानेवारी 2024 ला. मधल्या काळात सरकार चालूच होतं. अध्यक्षाच्या हातात घड्याळ असतं, एवढं लक्षात ठेवा.

लोकसभेतही तेच अधिकार, शिवाय एखादं विधेयक धनविधेयक (फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींचं) आहे की नाही यावर अध्यक्षाचा शब्द अखेरचा. धनविधेयक ठरलं की राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते आणि 14 दिवसांत परत पाठवावं लागतं. वरच्या सभागृहात बहुमत नसलेल्या सरकारला या एका प्रमाणपत्राने रस्ता मिळतो. म्हणून आघाडी सरकारात मित्रपक्ष अध्यक्षपदाकडे डोळे लावून बसतात. बालयोगी तेलुगू देसमचे होते. 2002 मध्ये ते हेलिकॉप्टर अपघातात गेले, आणि त्यानंतर आपले मनोहर जोशी आले. सेनेचे, मुंबईचे खासदार.

---

नाना_गिरगाव | 10 जून, 10:15

जोशी सर अध्यक्ष झाले तेव्हा शिवाजी पार्कात पेढे वाटले होते. आणखी एक. पहिल्या लोकसभेत, 1952 ला, अध्यक्षपदाची निवडणूक झाली ती दोन मराठी माणसांत. दादासाहेब मावळंकर काँग्रेसचे आणि शंकरराव मोरे शेतकरी कामगार पक्षाचे. मावळंकरांना 394, मोऱ्यांना 55. हरणार हे मोऱ्यांना ठाऊक होतं. तरी उभे राहिले आणि मतांची नोंद झाली. म्हणून आज बहात्तर वर्षांनी मी तुम्हाला ते 55 सांगू शकतो.

---

मास्तरीण_जोगेश्वरी | 10 जून, 11:30

नाना, तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. "म्हणून मी ते 55 सांगू शकतो." उद्या शाळा आहे, झोपते. पण यावर परत येणार.

---

भांडुपकर | 26 जून 2024, दुपारी 2:00

धागा वर काढतोय. आज अध्यक्ष निवडले गेले. ओम बिर्लाच पुन्हा. विरोधकांनी के. सुरेश यांना उभं केलं होतं. वर्गात बसल्यासारखा मोबाइलवर बघत होतो. हंगामी अध्यक्ष भर्तृहरी महताब यांनी आवाजी मतदान घेतलं, "होय"वाल्यांचा आवाज मोठा, झालं. विरोधकांनी मतविभागणी, म्हणजे मतांची प्रत्यक्ष मोजणी, मागितली नाही म्हणतात.

राहुल गांधी विरोधी पक्षनेते झाले, तेही दहा वर्षांनी हे पद भरलं जातंय.

---

वकील_फोर्ट | 26 जून, 3:25

ते दहा वर्षांचं असं की मावळंकरांच्या काळापासून संकेत आहे, सभागृहाच्या दहा टक्के जागा असल्या तरच त्या पदाला मान्यता. 543 चे दहा टक्के म्हणजे 55. काँग्रेसला 2014 ला 44, 2019 ला 52. या वेळी 99. शोभेचं पद समजू नका. सीबीआय संचालक, केंद्रीय दक्षता आयुक्त, मुख्य निवडणूक आयुक्त निवडणाऱ्या समित्यांत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची असते.

उपाध्यक्षपद मात्र 2019 पासून रिकामं. घटनेचं 93 वं कलम म्हणतं की लोकसभेने शक्य तितक्या लवकर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडावा. मागची पूर्ण लोकसभा उपाध्यक्षाविना गेली. हे पद विरोधकांना द्यायची चांगली प्रथा होती. मला याचा मनापासून राग येतो. कलम सोपं आहे, भाषा सोपी आहे, आणि पाळायला पैसा लागत नाही.

---

सीएसटी_फास्ट | 26 जून, 4:02

अनुमोदन. मी सत्ताधाऱ्यांना मत दिलंय, तरी या मुद्द्यावर पूर्ण अनुमोदन.

---

मास्तरीण_जोगेश्वरी | 26 जून, रात्री 9:15

आज शाळेतून येऊन मुद्दाम रेकॉर्डिंग बघितलं. तो क्षण मोजला. प्रस्ताव वाचला, "होय" म्हणणाऱ्यांनी होय म्हणावं, आवाज. "नाही" म्हणणाऱ्यांनी नाही म्हणावं, आवाज. संपलं.

आता मी काय म्हणतेय ते बघा. माझ्या एका मतासाठी दोन पाकिटं, एक प्रतिज्ञापत्र, राजपत्रित अधिकाऱ्याची सही, अनुक्रमांकाची जुळणी. अनुक्रमांक 13-ए वर एक आणि 13-बी वर दुसरा असेल तर पाकीट न उघडता बाद. बूथवर संध्याकाळी आमच्या केंद्राध्यक्षांनी 17-सी, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशोबाचा फॉर्म, भरला तेव्हा तीन पक्षांचे एजंट डोक्यावर उभे होते. मशीनवर टोटल दाबलं, आकडा आला, मी 17-ए या मतदारांच्या सह्यांच्या रजिस्टरमधल्या शेवटच्या सहीचा क्रमांक मोठ्याने वाचला, तो जुळला, तेव्हा सगळ्यांनी सह्या केल्या. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर आम्ही रात्रभर तिथून हललो नसतो.

आणि ज्याला एवढ्या काळजीने तिथे पाठवलं, त्याने तिथे काय म्हटलं याची नोंदच नाही. फक्त आवाज. मतदाराचं मत गुप्त हवं, ते मला कळतं. पण प्रतिनिधीचं का? त्याचं तर उघड हवं ना?

---

वकील_फोर्ट | 26 जून, 10:05

बाई, नेमक्या जागी बोट ठेवलंत. नियम असा: आवाजी मतदानानंतर अध्यक्ष कौल सांगतात. कोणत्याही सदस्याने त्याला हरकत घेतली तर मतविभागणी व्हायला हवी, आणि मग नावानिशी यादी कामकाजात छापली जाते. हरकत कोणी घेतलीच नाही, किंवा गोंधळात ऐकू आली नाही, तर यादी नाही. बहुसंख्य विधेयकं आवाजी मतदानानेच होतात. कोणतंही सरकार असो.

---

सीएसटी_फास्ट | 26 जून, 10:30

पण नाव छापून येऊन काय फायदा? व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, असतोच. 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर खासदार पक्षाच्या विरोधात मत देऊच शकत नाही, दिलं तर खासदारकी जाते. मग यादीत पक्षाचंच मत दिसणार.

---

परळची_माई | 27 जून, सकाळी 6:40

दिसू दे की. पक्षाचं म्हणून दिलं असेल तर तसं येऊन सांगावं आम्हाला. आमचा माणूस म्हणून हात जोडत दारात आला होता ना?

---

वकील_फोर्ट | 27 जून, 11:00

माईंना नमस्कार. सीएसटी, तुमचा मुद्दा खरा आहे, पण व्हिप प्रत्येक वेळी हवाच असं कुठे आहे? निवडणूक सुधारणांवरच्या दिनेश गोस्वामी समितीने 1990 मध्येच सांगितलं होतं की अपात्रता फक्त विश्वास किंवा अविश्वास ठरावापुरती ठेवा. म्हणजे सरकार पडणार असेल तिथे शिस्त, बाकी ठिकाणी खासदाराला मोकळीक. 2003 च्या 91 व्या दुरुस्तीने कायदा उलट आणखी आवळला. एक तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर अपात्रता नाही, ही पळवाट बंद झाली ती चांगली गोष्ट, मंत्रिमंडळ 15 टक्क्यांवर आलं तीही चांगली. पण शेतीच्या किंवा शिक्षणाच्या साध्या विधेयकावर खासदाराने स्वतःचं डोकं वापरायचं नाही, हे तसंच राहिलं.

आणि खरं काम समित्यांत होतं. तिथे व्हिप नसतो, कॅमेरा नसतो. मागच्या लोकसभेत जेमतेम 16 टक्के विधेयकं समितीकडे गेली. संख्याबळ कमी झाल्याचा परिणाम बघायचा असेल तर हा आकडा बघत राहा, भाषणं नव्हे.

---

भांडुपकर | 9 ऑगस्ट 2024, सकाळी 9:30

वकीलसाहेब, काल वक्फ विधेयक मांडलं आणि त्याच दिवशी संयुक्त समितीकडे पाठवायचं ठरलं. तुम्ही म्हणालात तेच.

(विधेयक चांगलं की वाईट हे इथे नको, त्यासाठी वेगळा धागा चालू आहे.)

---

सीएसटी_फास्ट | 17 डिसेंबर 2024, रात्री 8:45

आजचं बघितलंत का? "एक देश एक निवडणूक"चं 129 व्या घटनादुरुस्तीचं विधेयक मांडायला विरोधकांनी मतविभागणी मागितली. आधी बटणं दाबली, मग चिठ्ठ्या मोजल्या. बाजूने 269, विरोधात 198.

मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. एकूण 467. दोन तृतीयांश 312 लागतील. म्हणजे 43 कमी. विधेयक नुसतं मांडायला साधं बहुमत पुरतं, म्हणून आज अडलं नाही. पण मंजूर करायच्या दिवशी अडेल. व्हिप असूनही सत्ताधारी बाकांवरचे काही जण गैरहजर होते.

जूनमध्ये मीच म्हणालो होतो की एका जागेने काही फरक पडत नाही. घटनादुरुस्तीच्या गणितात पडतो. शब्द मागे घेतो.

---

नाना_गिरगाव | 18 डिसेंबर, सकाळी 7:10

269 हा आकडा बघून अंगावर काटा आला. तोच आकडा, पंचवीस वर्षांनी. तेव्हा तो हरलेला होता.

---

वकील_फोर्ट | 21 डिसेंबर 2024, दुपारी 12:20

मास्तरीणबाई, वायव्य मुंबईची निवडणूक याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली. 48 कायम.

---

मास्तरीण_जोगेश्वरी | 21 डिसेंबर, रात्री 10:00

वाचलं बातमीत. ठीक आहे, न्यायालयाने बघितलं, विषय संपला. आता ते आमचे खासदार, ज्यांनी मत दिलं नाही त्यांचेही.

17 तारखेपासून एक काम हाती घेतलंय. शाळेतली एक जुनी दोनशे पानी वही होती, तिला आडवे-उभे रकाने पाडले. उभे सहा: दक्षिण, दक्षिण मध्य, उत्तर मध्य, ईशान्य, वायव्य, उत्तर. आडवी प्रत्येक मंजूर झालेल्या विधेयकाची तारीख आणि नाव. मतविभागणी झाली असेल तर यादीतून होय, नाही, गैरहजर. आवाजी असेल तर रकाना मोकळा ठेवते, पेन्सिलीने फक्त "आ" लिहिते. लोकसभेच्या संकेतस्थळावर कामकाज मिळतं, थोडं शोधावं लागतं.

पहिल्या पानावर "आ" खूप झालेत.

---

परळची_माई | 22 डिसेंबर, 6:30

बाई, माझा नातू तुम्हाला शोधायला मदत करेल. बारावीला आहे, पण रविवारी मोकळा असतो.

---

भांडुपकर | 3 एप्रिल 2025, पहाटे 2:25

कोणी जागं आहे का? वक्फ विधेयक आत्ता मंजूर झालं. मतविभागणी. 288-232.

---

मास्तरीण_जोगेश्वरी | 3 एप्रिल, पहाटे 2:31

जागी आहे. परीक्षेचे पेपर तपासत टीव्ही लावून बसले होते. बारा तासांहून जास्त चर्चा, आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर फलकावर आकडे. कोणत्या बाजूने बघायचं हे प्रत्येकाने आपलं ठरवावं, पण 520 माणसांनी आज नावानिशी मत दिलं. 293 आणि 234 आठवतात ना पहिल्या पोस्टमधले? दहा महिन्यांनी जवळपास तेच उभे आहेत. जूनमध्ये वाटलं होतं की हे आकडे आठवड्यात हलतील.

माझ्या वहीत आजची ओळ पूर्ण भरेल. सहाही रकाने.

---

वकील_फोर्ट | 3 एप्रिल, सकाळी 9:10

यादी छापून यायला थोडा वेळ लागतो बाई. घाई करू नका, वाहिन्यांवरच्या नावांवर जाऊ नका, छापील कामकाजच धरा.

आणि उपाध्यक्षपद अजून रिकामंच आहे. मी दर वेळी लिहिणार.

---

नाना_गिरगाव | 3 एप्रिल, 9:45

बाई, त्या वहीची पहिली काही पानं झेरॉक्स करून गिरगावात पाठवाल का? डोळ्यांमुळे स्क्रीनवर फार वेळ वाचवत नाही. कागद असला की भिंग लावून बघतो. दक्षिण मुंबईचा रकाना मी भरत जाईन, मला वेळच वेळ आहे.

---

मास्तरीण_जोगेश्वरी | 3 एप्रिल, दुपारी 1:40

नाना, नक्की. शनिवारी शाळा अर्धा दिवस आहे, चर्नी रोडला उतरून स्वतः आणून देते. दक्षिणचा रकाना तुमचा. दक्षिण मध्यचा माईंच्या नातवाचा. भांडुपकर, ईशान्यचं तुम्ही बघाल का?